जगाच्या बातम्यांवर वाद घालता घालता आलेली इंग्रजी : तुमचे अनुभव लिहा

सदाशिव पेठेत आमचा रविवारचा इंग्रजी बोलण्याचा गट आहे. बहुतेक जण मराठी माध्यमातले. सुरुवातीला छंद, प्रवास असले विषय घ्यायचो, ते दोन मिनिटांत संपायचे. मग कुणीतरी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर, काढला आणि गट जागा झाला, कारण निम्म्या लोकांच्या घराचा हप्ता त्यालाच बांधलेला. मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर पोचला. तेवढ्या काळात 'हॉकिश' (महागाई रोखायला दर चढे ठेवू पाहणारा), 'स्टान्स' (धोरणाचा कल), 'बेसिस पॉइंट' (टक्क्याचा शंभरावा भाग) हे शब्द कुणीही पाठ न करता तोंडी बसले. पुढे दर उतरला तेव्हा एकीने हप्त्याचा तक्ता समोर धरून तावातावाने विचारलं, "दे पास ऑन द हाइक इन अ मंथ, व्हाय डोन्ट दे पास ऑन द कट?" दरातली वाढ किंवा कपात ग्राहकापर्यंत पोचवणं, हे 'पास ऑन' त्या दिवसापासून सगळ्यांचं झालं.

ज्या प्रश्नावर आपल्याला खरोखर काही म्हणायचं असतं, तिथला शब्द राहतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. शब्दांच्या याद्या नकोत. वाद कशावरून झाला, कुणाशी झाला आणि त्यातून हाती काय लागलं, ते सविस्तर लिहा.

कोथरूड, बँकेतून निवृत्त

१९९१ च्या जुलैत मी परकीय चलनाच्या टेबलावर नवीन होतो. १ आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती आणि देशाचं सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण जात होतं. आमचे मॅनेजरसाहेब सकाळी इंग्रजी पेपर टेबलावर पसरायचे आणि प्रत्येकाला एक वाक्य बोलायला लावायचे, शिपायापासून सगळ्यांना. रुपया सरकारने ठरवून खाली आणला तर डीव्हॅल्युएशन, बाजारात घसरला तर डेप्रिसिएशन, हे मी तिथे शिकलो. काउंटरपलीकडे एक आयातदार उभा होता, त्याचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे विक्रेत्याला पैसे मिळतील याची बँकेची हमी, उघडायचं होतं आणि आदल्या आठवड्याचा हिशेब पार बदलला होता. त्याला समजावून सांगताना 'प्लेज' (तारण), 'रिझर्व्ह' (गंगाजळी), 'बॅलन्स ऑफ पेमेंट्स' (परदेशाशी होणाऱ्या देण्याघेण्याचा ताळेबंद) हे सगळं एकाच बैठकीत वापरावं लागलं.

हल्ली नातीबरोबर रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचं भाषण यूट्यूबवर लावतो. गव्हर्नर बोलत असताना मध्येच थांबवायचं आणि पुढे काय येईल ते तिने सांगायचं. इन्फ्लेशन (महागाई) 'मॉडरेट' झालं, म्हणजे निवळलं, म्हणतील की 'एज्ड अप', म्हणजे किंचित चढलं, म्हणतील? बरोबर आलं तर का, तेही सांगायचं. तरुणांनी हे करून पाहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. दर दोन महिन्यांनी नवा धडा मिळतो, तोही फुकट.

मूळ परभणी, सध्या पेठेतल्या अभ्यासिकेत

काका, हे आजच लिहून घेतलं.

आम्ही मेसचं जेवण झालं की अभ्यासिकेच्या गच्चीवर देश वाटून घेतो. एक जण रशिया, एक युरोप, एक भारत. रशियाच्या तेलावर डिसेंबर २०२२ मध्ये पिंपाला ६० डॉलरची किंमतमर्यादा आली, तेव्हाचा वाद आठवडाभर पुरला. 'सँक्शन' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गावाकडची घरकुलाची मंजुरी यायची. युरोप झालेला मित्र मात्र तोच शब्द माझ्यावर निर्बंध म्हणून घालत होता! मग त्याच्या सोबतची क्रियापदं आली. निर्बंध 'इम्पोज' करतात (लादतात), 'टाइटन' करतात (आवळतात), 'ईझ' करतात (सैल करतात), 'लिफ्ट' करतात (उठवतात), आणि आडमार्गाने तेल विकणारा ते 'इव्हेड' करतो (चुकवतो). भारताची बाजू मांडताना मला 'डिस्काउंटेड क्रूड' (सवलतीतलं कच्चं तेल) आणि 'स्ट्रॅटेजिक ऑटोनॉमी' (परराष्ट्र धोरण स्वतः ठरवण्याची मोकळीक) इतक्यांदा म्हणावं लागलं की मॉक मुलाखतीत ते न अडखळता आलं. दुसऱ्याची बाजू घेऊन बोलणं फार उपयोगाचं. आपल्याला न पटणारं मांडायचं तर शब्द शोधावेच लागतात.

भोसरी एमआयडीसी

माझा डिप्लोमा, इंग्रजी ड्रॉइंगपुरती. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या मॅग्नेटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. आम्ही मोटरचे सुटे भाग करतो. ज्यांना माल देतो त्यांच्याकडे मॅग्नेट येईना, म्हणून आमचं शेड्यूल अडलं. ऑपरेटर विचारायला लागले, ओव्हरटाइम का बंद? मी दुपारच्या सुट्टीत बातमी वाचून दाखवायला लागलो, आधी इंग्रजीत, मग मराठीत. परवाना हवा तर माल शेवटी कोण वापरणार याचं 'एंड-यूजर सर्टिफिकेट' लागतं. मालाचा लष्करी आणि नागरी दोन्हीकडे उपयोग होत असेल तर तो 'ड्युअल-यूज'. सगळं जग एकाच देशाच्या दारातून जात असेल तर ते 'चोकपॉइंट', आणि त्या दाराच्या जोरावर मिळते ती 'लेव्हरेज'.

पुढे पुरवठादारांच्या बैठकीला आमच्या मालकांबरोबर गेलो होतो. समोरच्या साहेबांनी पर्यायाबद्दल विचारलं. मी म्हणालो, "वी कॅन स्टॉकपाइल शाफ्ट्स, सर, बट वी कॅनॉट सबस्टिट्यूट द मॅग्नेट." म्हणजे शाफ्टचा साठा करता येईल, पण मॅग्नेटला पर्याय नाही. पुढची पंधरा मिनिटं ते माझ्याशीच बोलत होते. परत येताना गाडीत मालकांनी सगळं पुन्हा समजावून घेतलं.

हिंजवडी

माझं उलट झालं, शब्द आधी आणि बातमी नंतर. 'एस्कलेट' रोज ऑफिसात ऐकलेला, तिकीट वर पाठवणं एवढाच अर्थ. युद्धाच्या बातम्यांत 'एस्कलेशन' (संघर्ष चिघळणं), 'डी-एस्कलेट' (तो निवळवणं) वाचलं आणि शब्दाचा आवाका कळला. 'बफर', 'बॅकलॉग', 'प्रोटोकॉल' यांचंही तसंच.

डेक्कन, विधी शाखेची विद्यार्थिनी

पुण्यात राहून एक गोष्ट करायलाच हवी असं मला वाटतं. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आहे. तिच्या काळे स्मृती व्याख्यानमालेत २९ जानेवारी १९३९ रोजी बाबासाहेबांनी 'फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम' हे भाषण दिलं. ब्रिटिशांनी हिंदुस्थानच्या कारभारासाठी केलेल्या १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्य योजनेची ती चिरफाड आहे. आम्ही चौघी-पाचजणी ते मोठ्याने वाचतो, एकीने एक परिच्छेद. 'पॅरामाउंटसी' (संस्थानांवरची ब्रिटिशांची सर्वोच्च सत्ता), 'ॲक्सेशन' (संस्थानाचं सामील होणं) हे शब्द मी परीक्षेसाठी पाठ केले होते. इथे संस्थानिक, ब्रिटिश सरकार आणि ब्रिटिश हिंदुस्थानातली जनता यांच्यात सत्ता नेमकी कुणाकडे, हा प्रश्न पुढ्यात आला आणि त्या शब्दांना वजन आलं. बाबासाहेब आधी विरोधकाचा मुद्दा पूर्ण मांडतात आणि मगच खोडतात. हा साचा उचलून मी आता कोणत्याही विषयावर बोलू शकते, युरोपीय संघावरसुद्धा.

वाचून शिकणाऱ्यांना एक सांगणं : उच्चार ऐका. सत्तापालटाचा 'कू' लिहिताना शेवटी 'पी' असतो, 'डेट' मधला 'बी' बोलायचा नसतो. व्याख्यानांना जाऊन बसलं की हे आपोआप कानावर पडतं.

मार्केट यार्ड

आमचा कांद्याचा गाळा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखाली माल बाहेर विकता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क. बाबांना यातलं सगळं मराठीत माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी त्यांना इंग्रजी मथळे वाचून दाखवायचे, 'इंडिया ईझेस अनियन एक्स्पोर्ट कर्ब्स' अशा धर्तीचे, आणि ते विचारायचे, "ईझ म्हणजे उठवली की सैल केली? नीट बघ, माझा ट्रक थांबलाय." चार ओळींची बातमी आम्ही तासभर उकलायचो. क्लासमध्ये असं कुणी कधी विचारलं नाही. कॉमर्सच्या तोंडी परीक्षेत 'फ्लोअर प्राइस'वर (किमान किंमत) प्रश्न आला तेव्हा मी सरळ गाळ्यावरचं उदाहरण सांगत सुटले. आता दुबईच्या गिऱ्हाइकाच्या मेलला उत्तर मीच लिहिते. पाठवण्याआधी बाबांना मराठीत सांगते, आणि दर वेळी ते भावाच्या आकड्यावर बोट ठेवून एखादी अट वाढवायला लावतात.