प्रतिसाद: फायरफॉक्सचं प्रोफाइल फोल्डर

फायरफॉक्सचं रूप बदलणारी 'यूझरक्रोम.सीएसएस' ही फाइल ठेवायला प्रोफाइल फोल्डर (जिथे ब्राउझर तुमची सेटिंग्ज, बुकमार्क वगैरे साठवतो) कुठे सापडेल, असा प्रश्न होता. विंडोजच्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये जाऊन 'डीफॉल्ट'ने संपणारं फोल्डर शोधा, असं त्यावर वर सुचवलंय. ते पूर्वी चालायचं. पण २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल देतो, त्यामुळे तिथे बरेचदा दोन फोल्डर दिसतात आणि चालू असलेलं 'डीफॉल्ट-रिलीज' नावाचं असतं. दुसऱ्यात ही फाइल टाकून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. अंदाज कशाला, ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोफाइल्स' टाका. वापरात असलेल्या प्रोफाइलवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे रूट आणि लोकल असे दोन पत्ते दिसतील. आपल्याला रूट हवा, लोकलमध्ये मुख्यतः कॅशे, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फाइल्स असतात.

आता कुणीच न लिहिलेली गोष्ट. रूटमध्ये 'क्रोम' फोल्डर करून त्यात 'यूझरक्रोम.सीएसएस' ठेवली तरी ६९ व्या आवृत्तीपासून ती आपोआप वाचली जात नाही. ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:कॉन्फिग' टाकून उघडणाऱ्या प्रगत सेटिंग्जच्या पानावर 'लेगसीयूझरप्रोफाइलकस्टमायझेशन्स' शोधून ते 'ट्रू' करावं लागतं, मग ब्राउझर रीस्टार्ट. एवढं करूनही ढिम्म काही हललं नाही, तर विंडोजने फाइलच्या नावाच्या शेवटी गुपचूप '.टीएक्सटी' चिकटवलंय का ते बघा. फाइलच्या नावाचं हे शेपूट (एक्स्टेन्शन) लपवायची विंडोजची खोड जुनीच आहे.