सीएमएलचं बीसीआर-एबीएल: कोल्हापूरहून पुण्याला नमुना कसा पाठवायचा?

करवीर_लॅब: सीएमएलच्या (रक्ताचा एक कर्करोग) पेशंटचं रक्त बीसीआर-एबीएल (या कर्करोगातला बिघडलेला जनुक) मोजायला संध्याकाळच्या कुरियरने पुण्याला पाठवायचंय. हिरव्या टोपणाची हेपारिन ट्यूब चालेल का? बर्फात ठेवायचं का?

रंकाळा_पॅथ: हिरवी नकोच. हेपारिन पीसीआरमधलं (जनुकाच्या प्रती वाढवून मोजायची पद्धत) एन्झाइम अडवतं, मग आकडा चुकीचा येतो नाहीतर येतच नाही. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये ५ ते १० मिली घ्या आणि लगेच ८-१० वेळा हलक्या हाताने उलटसुलट करा. गुठळी झाली की नमुना बाद. तपासणी आरएनएवर (पेशीतली जनुकाची नक्कल) होते आणि तो तासागणिक तुटत जातो; २४ तासांत पोचलं तर उत्तम, ४८च्या पुढे नको. शनिवारी काढलेलं रक्त बऱ्याचदा सोमवारीच उघडलं जातं, म्हणून सोमवार ते गुरुवारच काढा.

शिरोली_नाका: गोठवू मात्र नका, पेशी फुटतात. जेल पॅक आणि ट्यूब यांच्यामध्ये कापसाचा जाड थर द्या. कॅरिओटाइपही (गुणसूत्रांची तपासणी) सांगितलं असेल तर त्यासाठी मात्र हिरवीच ट्यूब, कारण तिथे जिवंत पेशी वाढवायच्या असतात. दोन्ही ट्यूबवर तपासणीचं नाव लिहा, अदलाबदल इथंच होते.

रंकाळा_पॅथ: बरोबर. आणि दर वेळी लॅब एकच ठेवा, रिपोर्ट आयएस स्केलवर (आंतरराष्ट्रीय मोजपट्टी) हवा. इमॅटिनिब (सीएमएलवरचं औषध) सुरू केल्यावर बीसीआर-एबीएल ३ महिन्यांनी १०% किंवा कमी, १२ महिन्यांनी ०.१% किंवा कमी अपेक्षित असतं. ‘आढळलं नाही’ असं आलं तरी एबीएलच्या (तुलनेसाठी मोजतात तो जनुक) प्रती किती मिळाल्या ते बघाच. १०,०००पेक्षा कमी असतील तर त्या शून्यावर विसंबू नका, रक्त पुन्हा घ्या.