कीटकांची चित्रपुस्तकं वर्गात नक्की कशी वापरता?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी, दुसरीचा वर्ग आहे माझ्याकडे. लायब्ररीत कीटकांवरची माहितीची चित्रपुस्तकं आलीयेत, फोटो एकदम झकास, पण मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की थोड्याच वेळात अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघतो आणि उरलेला "ईईई" करत बसतो. शेवटी काय कळलं विचारलं की "कीटकाला सहा पाय असतात", जे त्यांना आधीच माहीत होतं. तुम्ही काय करता? वर्कशीट नका सुचवू प्लीज, ढीगभर आहेत.

भिंगवाला
ही पुस्तकं सलग वाचायची नसतातच ना ताई. गोष्टीत पुढे काय होणार याची ओढ असते, इथे ती आपण लावायची. मी पुस्तक बंद ठेवून आधी मुलांना आठवणीने मुंगी काढायला सांगतो. कुणी चार पाय काढतं, कुणी दहा, बरेच जण पाय पोटाला चिकटवतात, मिशा कुणाला आठवतात कुणाला नाही, मग खरी मुंगी कुणाची यावरून जुंपते आणि तेव्हाच पुस्तक बाहेर काढायचं. सूचीतून मुंगीचं पान त्यांनाच शोधू दे. मग ते पान अक्षरशः नाक लावून बघतात कारण स्वतःचं चित्र तपासायचंय, आणि सहाही पाय मधल्या भागातून, छातीतून निघतात हे आपल्याला सांगावं लागत नाही. त्या दिवशी बाकीचं पुस्तक नाही उघडलं तरी काही बिघडत नाही.

रातराणी
+१. आकाराचं पण बघा हं. मुंगी पानभर आणि भुंगाही पानभर, मग मुलांना दोघं सारखेच वाटतात. काही पुस्तकांत कोपऱ्यात खऱ्या मापाची बारीक रेघ असते, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पट्टी घेऊन ती रेघ वहीत काढायला लावा, फोटोतली राक्षसासारखी मुंगी खरी ५ मिमी निघाली की जो गलका होतो ना! किती पट वगैरे हिशोब दुसरीला नको.

वाचनकट्टा
पुस्तक आधी स्वतः वाचून घ्या एवढंच सांगेन, कारण फोटो सुंदर म्हणून मजकूर बरोबर असं काही नसतं. कोळी बिनधास्त कीटकांत घातलेला असतो (आठ पाय, शरीराचे दोनच भाग), ढालकिड्याच्या ठिपक्यांवरून त्याचं वय मोजतात, वारूळ बांधणाऱ्या कामकरी मुंग्यांना "दादा" करून टाकतात, त्या तर सगळ्या माद्या. आणि जीवनचक्र म्हटलं की फुलपाखरूच! त्यामुळे पोरांना वाटतं प्रत्येक कीटक कोषात जातो. नाकतोडा, झुरळ, चतुर यांच्यात कोष नसतोच, अंड्यातून पिल्लू निघतं आणि कात टाकत टाकत मोठं होतं, चतुराचं पिल्लू तर पाण्यात राहतं. म्हणून मी फुलपाखराचं आणि नाकतोड्याचं पुस्तक शेजारी शेजारी उघडून ठेवते आणि गप्प बसते, फरक मुलंच ओरडून सांगतात. चुकीची पुस्तकं फेकत नाही, चूक सापडली की त्या पानावर चिठ्ठी चिकटवायची, यात मुलांना जाम मजा येते.

भिंगवाला
चिठ्ठीची आयडिया भारी, पण दुसरीत मी लगेच नाही करणार. आधी एक बरोबर पुस्तक नीट बघून होऊ दे, नाहीतर चूक कशाशी ताडून बघणार?

वाचनकट्टा
हो, ते बरोबर. चौथीच्या पुढे.

पाटीपेन्सिल
मुंगीवालं उद्याच करते. पण "ईईई"चं काय? एक मुलगी तर फोटो आला की डोळेच झाकते.

रातराणी
तिला जबरदस्ती नको. भिंगातून काढलेले डोळ्यांचे, जबड्यांचे क्लोजअप मोठ्यांनाही नको वाटतात, त्यापेक्षा हाताने काढलेली चित्रं असलेलं पुस्तक आधी द्या आणि पान उलटायचं काम तिच्याकडेच ठेवा, म्हणजे नको वाटलं की पुढे जाता येतं. आणि हो, वर्गात झुरळ आलं की आपण बाकावर चढायचं नाही, मुलं पुस्तकापेक्षा आपल्याकडे जास्त बघतात.

पाटीपेन्सिल
शेवटचं कठीण आहे 😅 बाकी सगळं जमेल.