साठवलेल्या गव्हाला निलगिरीच्या तेलाची धुरी का लागू पडली नाही?

प्रश्न
विषारी गोळ्या टाळाव्यात म्हणून मी ५० किलो गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत निलगिरीच्या तेलात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवले होते. दोन दिवसांत वरच्या थरात पुष्कळ सोंडे मरून पडलेले दिसले आणि मी निर्धास्त झालो. परंतु महिनाभराने कोठीच्या तळाशी पिठूळ भुकटी साचलेली व दाण्यांना बारीक भोके पडलेली आढळली. तेल कमी पडले, की पद्धतच चुकली?

प्रतिसाद १
मेले ते प्रौढ सोंडे; त्यांची पुढची पिढी तेव्हा दाण्यांच्या आत होती. सोंड्याची मादी दाणा कोरून त्यात अंडे घालते आणि चिकट स्रावाने ते छिद्र बुजवते. अळी आणि कोष या दोन्ही अवस्था आतच पार पडतात व उबदार हवेत साधारण महिनाभरात नवा किडा दाणा पोखरून बाहेर येतो. तुम्हाला दिसलेली भोके त्याचीच आहेत. निलगिरीतील सिनिओल या द्रव्याची वाफ किड्यांना मारते हे खरे, परंतु त्या वाफेचा बराचसा भाग धान्यच शोषून घेते, त्यामुळे रिकाम्या बरणीत जेवढे तेल पुरते त्याच्या कितीतरी पट तेल भरलेल्या कोठीला लागते. तेवढे वापरल्यास गव्हालाच तेलाचा वास लागेल, म्हणून तेल वाढवण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रतिसाद २
कडुलिंबाच्या पाल्यालाही धुरी, म्हणजे वाफेने किडे मारणारा उपाय, समजू नये, कारण त्यातील अझाडिरॅक्टिन सहजी उडून जाणारे द्रव्य नाही. मोहरीचा उग्र वायू कीटकांना मारतो खरा, पण तो मोहरी कुटून ओली केल्यावरच सुटतो, आणि कोठीत ओल नेणे म्हणजे बुरशीला बोलावणे होय.

प्रश्नकर्ता
मग दाण्याच्या आतील अळीपर्यंत पोहोचेल असे नैसर्गिक काही आहे का?

प्रतिसाद ३
आहे, तो म्हणजे कार्बन डायऑक्साइड. गोदामांत २० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला त्याचे प्रमाण आधी ७० टक्क्यांच्या वर नेतात आणि पुढे १५ दिवस ३५ टक्क्यांखाली येऊ देत नाहीत. बंद खोलीत मात्र हा वायू माणसालाही गुदमरवतो, त्यामुळे घरी तो प्रयोग करू नये. फॉस्फिन हा विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या तुम्ही टाळल्यात हे फार चांगले केलेत, कारण राहत्या घरात त्या जीवघेण्या ठरतात.

घरच्या साठ्यासाठी मी धान्य चाळून, ओलावा १२ टक्क्यांपेक्षा कमी होईपर्यंत वाळवून, खरोखर हवाबंद पिंपात काठोकाठ भरतो. आत उरलेला प्राणवायू किडे आणि धान्य श्वसनात वापरून टाकतात व वाढ थांबते. मात्र पिंप वारंवार उघडले तर हा लाभ मिळत नाही, म्हणून रोजच्या वापराचे धान्य वेगळ्या डब्यात काढावे. साध्या पत्र्याच्या कोठीचे झाकण हवा अडवत नाही. थोडेच धान्य असेल तर ते उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवावे, म्हणजे दाण्यातील अंडी आणि अळ्याही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा दाण्यांवर दव धरते.