गोव्यातल्या हणजूणच्या (अंजुनाच्या) हिप्पी दिवसांत कोणी वाजवलंय का?

बेसूरबाबा: 70 च्या दशकात हणजूणला हिप्पी राहायचे तेव्हा तिथे कोणी राहून वाजवलंय का? फोटोत सगळं स्वर्गासारखं दिसतं, खरंच तसं होतं का?

जुनाबेस: मी राहिलोय, 78-79 चा हिवाळा. म्हापशाहून बसने गेलो, खांद्यावर बेस गिटार, खिशात फार काही नाही. एका म्हातारीच्या घराची पडवी भाड्याने घेतली, पाणी विहिरीचं, रात्री कंदील, आणि संडासात खाली डुक्कर वाट बघत उभं 😅 स्वर्ग वगैरे सोडा हो. पण पौर्णिमेला वाळूत जनरेटर लावून जॅम चालायचा, कोणी जर्मन ड्रमवर, कोणी अमेरिकन गिटारवर, कोणाला कोणाचं नाव माहीत नाही आणि पहाटेपर्यंत एकच राग उलटापालटा करत बसायचो. बुधवारच्या बाजारात लोक परतीच्या तिकिटासाठी वस्तू विकायचे, माझा अ‍ॅम्प तिथलाच.

मांडवीकाठ: आमच्या आजीने पण खोल्या दिलेल्या. पावसाळा आला की मनाली नाहीतर नेपाळ गाठायचे म्हणे. ती म्हणायची, भाडं वेळेवर देतात पण कपडे घालत नाहीत मेले!

बेसूरबाबा: 😂 मग बँड बंद कसे पडले?

जुनाबेस: 80 च्या दशकात कॅसेटवरचं इलेक्ट्रॉनिक म्युझिक आलं, त्यातूनच पुढे गोवा ट्रान्स. गोवा गिल, पुढे ट्रान्सचा नावाजलेला डीजे, आधी गिटार वाजवायचा, तोही तिकडे वळला. बेसवाल्याला कोण विचारतो. मी पुण्याला येऊन लग्नाच्या ऑर्केस्ट्रात लागलो.