स्टिकर मिसळलेल्या पाण्याचा थेंब ध्वनिलहरींवर का फुटतो?

विज्ञान शिक्षक, अमळनेर
नमस्कार. ४० किलोहर्ट्झचे अल्ट्रासोनिक ट्रान्सड्यूसर (कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडणारी साधने) समोरासमोर बसवलेल्या आमच्या उपकरणात साध्या पाण्याचा थेंब अधांतरी उत्तम टिकतो. मात्र कपाशीच्या फवारणीत औषध पानावर पसरून चिकटावे म्हणून वापरतात तो स्टिकर नावाचा द्रव त्याच पाण्यात मिसळला, की तेवढ्याच व्होल्टेजवर थेंब चपटा होत जातो, त्याचा मधला भाग पापुद्र्याइतका पातळ होतो आणि कडेतून बारीक तुषार उडून तो फुटतो. वजन तेच असताना असे का व्हावे?

जळगावकर
सर, ध्वनी थेंबाला केवळ उचलून धरत नाही, तो त्याला दाबतही असतो. थेंब दाबाच्या निस्पंदाच्या, म्हणजे हवेचा दाब जवळपास बदलत नाही अशा जागेच्या, किंचित खाली बसतो. तेथे हवेची आंदोलने जोरदार असल्याने थेंबाच्या कडेपाशी सरासरी दाब घटतो आणि वरच्या-खालच्या टोकांवर तो वाढतो. त्यामुळे थेंब आडवा ताणला जातो, आणि जितका चपटा होईल तितकी ही ओढ वाढत जाते. तिला अडवतो तो फक्त पृष्ठताण, म्हणजे थेंबाचा पृष्ठभाग आक्रसून धरणारी ओढ.

खरी मेख अशी, की थेंब उचलायला किती ध्वनी लागेल हे घनतेवर ठरते, तर तो एकसंध राहील की नाही हे पृष्ठताणावर. स्टिकरने घनता जवळपास तीच राहते. पृष्ठताण मात्र ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरवरून निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. म्हणून थेंब धरणारी आणि फोडणारी पातळी एकमेकींच्या फार जवळ येतात. थेंब लहान घ्या: वजन आणि उचलणारे बल दोन्ही आकारमानाच्या प्रमाणात घटतात, पण त्रिज्या कमी झाली की पृष्ठताणाचा दाब वाढतो.

धुळ्याहून
उन्हाळ्याचाही विचार करावा. २० अंशांना ८.६ मिलिमीटर असलेली तरंगलांबी ४५ अंशांना सुमारे ९ मिलिमीटर होते. ट्रान्सड्यूसरमधले अंतर त्यानुसार पुन्हा जुळवले नाही तर पकड सैल पडते, आणि मग आपण व्होल्टेज वाढवत बसतो.

भुसावळचा वाचक
फुटण्यापूर्वी थेंब थरथरतो का, तेही पाहावे. भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांच्या १८७९ च्या सूत्रानुसार २ मिलिमीटर व्यासाच्या पाण्याच्या थेंबाची नैसर्गिक वारंवारता (थेंब आपणहून ज्या गतीने थरथरतो ती) सुमारे १२० हर्ट्झ येते. थेंब थोडा मोठा असला, किंवा पृष्ठताण कमी असून तो थोडा लहान असला, तर ती १०० हर्ट्झवर येते. साध्या अडॅप्टरमधून येणारा वीजपुरवठ्याचा चढउतार नेमका १०० हर्ट्झचा असतो, आणि दोन्ही जुळले की थरथर वाढत जाते. तेव्हा एकदा उपकरण बॅटरीवर चालवून फरक पडतो का ते तपासावे.