न विचारता बांधलेल्या भिंतीचे निम्मे पैसे मी का द्यायचे?

खाडीकाठ (नेरूळ)
परवा शेजाऱ्यांवरच्या चर्चेत पारसिकवारा यांनी लिहिलं होतं, "दोन घरांमधलं कुंपण दोघांचं. नवं करायचं तर खर्च निम्मा-निम्मा, आणि जो देत नाही तो फुकट्या." तो शेवटचा शब्द मला फार लागला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं रो-हाऊस. पुढचं आणि मागचं अंगण धरून शेजाऱ्यांशी २८ फुटांची हद्द लागते. तिथे इतकी वर्षं जाळी होती. खालचे अँगल गंजून जमिनीलगत पापुद्रे सुटले होते, हे खरं. बदलायला हवी होती, हेही खरं. मे महिन्यात आम्ही बारा दिवस गुहागरला गेलो. परत आलो तर जाळी गायब आणि तिच्या जागी सहा फुटी विटांची भिंत. त्यांच्या बाजूने गुळगुळीत प्लास्टर. आमच्या बाजूने उघड्या विटा, सांध्यांतून ओघळून वाळलेला माल, आणि आईने दहा वर्षं वाढवलेली मधुमालती बुंध्यापासून तोडून आमच्याच अंगणात टाकलेली. चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो आला: ६२ हजार, तुमचे ३१.

जाळीचे निम्मे पैसे मी त्याच दिवशी दिले असते. पण फोन एकदाही नाही. गावाला गेलो म्हणून मी मेलो होतो का?

पारसिकवारा (ऐरोली)
मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. तुम्हाला बारा दिवसांत भिंत दिसली. मी तीन वर्षं विचारत होतो. आमची सामाईक भिंत त्यांच्या बाजूला कलली होती. "बघू." "दिवाळीनंतर बघू." "मुलीचं लग्न होऊन जाऊ दे." शेवटी मी पदरचे घालून बांधली. महिन्याभरात त्याच गृहस्थांनी तिला खिळे ठोकून कपड्यांची दोरी बांधली, वर कुंड्या ठेवल्या. पैसे मागितले तर म्हणाले, "आम्ही कुठे सांगितलं होतं?"

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० वाचा. फुकट करायचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात, तर मोबदला द्यावा लागतो. दोरी बांधलीत म्हणजे फायदा घेतलात.

तलावपाळी (ठाणे)
कलम ७० अर्धंच सांगितलंत. १९६१ साली सुप्रीम कोर्टाने बी. के. मंडल प्रकरणात स्पष्ट केलंय की समोरच्याला ती गोष्ट स्वीकारायची की नाकारायची याची मोकळीक असली पाहिजे. न मागता लादलं आणि मग बिल लावलं, हे त्यात बसत नाही. तुमच्या दोरीवाल्या शेजाऱ्याला कदाचित ते लागू पडेल, कारण त्याने भिंत वापरली. खाडीकाठ यांनी काय वापरलंय? त्यांची तर वेल गेली.

आणि त्याआधी एक विचारतो. ती भिंत नक्की हद्दीवर आहे का? कोलबाडला आमच्या जुन्या घराच्या वेळी दोन पिढ्या ज्या भिंतीवरून भांडल्या, ती सरकारी भूमापनाच्या 'हद्द कायम' मोजणीत नऊ इंच आमच्या आत निघाली. संपूर्ण भिंत एकाच्या जागेत असेल तर ती त्याची, खर्चही त्याचा. हद्दीच्या रेषेवर असेल तर मग निम्म्याचं बोला. आधी कागद काढा.

अंगणातली जास्वंद (खारघर)
माझी मुलगी सिडनीला असते. न्यू साउथ वेल्समध्ये १९९१ पासून यासाठी वेगळा कायदाच आहे. दोघांना पुरेल असं साधं कुंपण असेल तर खर्च निम्मा-निम्मा. एकाला त्याहून उंच किंवा भारी हवं असेल तर वरचा खर्च त्याचा. आणि काम सुरू करण्याआधी लेखी नोटीस. तिच्या शेजारणीने नोटीस आणून दिली तेव्हा मुलगी घाबरली होती, पण चहा पिता-पिता दोघींचं ठरलं. हाच हिशोब इथे लावला तर खाडीकाठ यांनी जाळीचा निम्मा खर्च द्यावा. भिंतीची हौस ज्याची, त्याचा पैसा.

पारसिकवारा
सिडनीत चोर जाळी कापून येत नाहीत म्हणून तिथे "साधं कुंपण" पुरतं. इथे भिंतीला हौस म्हणू नका, ताई.

आणि खाडीकाठ, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. अँगल गंजले हे ठीक. पण जाळीखालचा विटांचा पाया का तडकला? मागच्या वर्षी तुम्हीच इथे फोटो टाकून विचारलं होतंत, "पिंपळ उपटावा का?" आठवतंय? पिंपळ तुमच्या बाजूने होता.

खाडीकाठ
होता. लपवलं नाही, विसरलो. पायाच्या सांध्यात बोटभर रोप उगवलं होतं. आईने उपटू दिलं नाही. पिंपळ आहे, मुंजाचं झाड, घरात लहान मूल आहे, म्हणाली. तेवढ्याने ६२ हजारांची भिंत लागते का?

गडगा (वाशी, मूळचा गुहागरचा)
तेवढ्यानेच लागते हो. गावी आमचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, एका उंबराने फोडला. पक्षी फळं खातात, बी भिंतीवर पडतं, फटीत रुजतं. वरून कापलं की काम झालं असं लोकांना वाटतं. पिंपळ खालून पुन्हा फुटतो, आणि दर वेळी मूळ जाड होतं. एका पावसाळ्यात मूळ करंगळीएवढं, तिसऱ्यात मनगटाएवढं. मग विटा उचलायला त्याला किती वेळ लागतो? सांधा उघडून मूळ काढायचं आणि चुन्यासिमेंटने बुजवायचं, हाच उपाय. तोही रोप दोन पानांचं असतानाच.

अंगणातली जास्वंद
मूळ काढलंच तर फेकू नका. आम्ही गच्चीच्या कठड्यातलं रोप मुळासकट सोडवून आधी कुंडीत जगवलं आणि मग मैदानाच्या कडेला लावलं. आज त्याच्याखाली रिक्षावाले बसतात. आणि मोठ्या झाडाला हात लावायचा असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, तेव्हा रोप असतानाच करा.

पारसिकवारा
सगळे झाड वाचवायला धावले. भिंत कोण वाचवणार? २०१९ च्या जुलैत मालाडला भिंत झोपड्यांवर पडली, झोपेतली माणसं गेली. माझी भिंत कलली होती तेव्हा रोज रात्री पाऊस वाढला की मी उठून टॉर्च मारून बघायचो, कारण पलीकडे त्यांच्या नातवाची सायकल उभी असायची. खाडीकाठ, तुमच्या आईची श्रद्धा मोठी असेल, पण तिचा खर्च शेजाऱ्याने का सोसायचा?

खाडीकाठ
आईला यात ओढू नका. ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. त्या मधुमालतीचा बुंधा तिने उचलून पाण्याच्या बादलीत ठेवलाय, फुटेल म्हणून. रोज सकाळी बघते. तुम्हाला पिंपळ दिसला, हे नाही दिसलं.

तलावपाळी
दोघंही जरा थांबा. पिंपळाने पाया फोडला असेल तर पायाच्या दुरुस्तीचा खर्च खाडीकाठ यांच्याकडे जास्त येतो, हे मलाही मान्य करावं लागेल. पण त्यावरून सहा फुटी भिंतीचे निम्मे पैसे निघत नाहीत.

ओसरी (सीबीडी बेलापूर)
इतकं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात घरं आखली, तेव्हा शेजारच्या दोन घरांत सामाईक भिंत ठेवलीच नाही. लहान प्लॉट, ४५ चौरस मीटरपासून पुढे, तरीही प्रत्येकाची भिंत आपापली. हेतू हा की ज्याला घर वाढवायचं त्याने शेजाऱ्याला न विचारता वाढवावं. आणि सात-सात घरांच्या मधोमध एक सामाईक अंगण. म्हणजे भिंती वेगळ्या आणि अंगण एक. माझं लहानपण त्या अंगणात गेलं. आता बऱ्याच जणांनी पाडून उंच बांधलंय, अंगणात गाड्या आल्या. तो विषय काढला की मला थांबता येत नाही, म्हणून इथेच थांबतो.

गडगा
खाडीकाठ, एक विचारायचं राहिलं. भिंतीला खाली पाणी जायला भोकं आहेत का?

खाडीकाठ
नाहीत. म्हणूनच आज पुन्हा लिहायला बसलो. काल रात्रीच्या पावसात मागच्या अंगणात घोटाभर पाणी साचलं. जाळी होती तेव्हा पाणी त्यांच्या अंगणातून गटारात जायचं, उतार तिकडेच आहे. आता भिंतीशी अडतं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागतं.

गडगा
मग ही भिंत नव्हे, बांध घातलाय. हा सगळा खाडीचा भाग, सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव ठेवले ते उगाच नाही. गटार वाहतं असलं तरी पाणी तिथवर पोचायला तर हवं.

पारसिकवारा
भोकं ठेवली नाहीत हे चूक. आणि पलीकडे प्लास्टर न करता निम्मे पैसे मागणं, तेही चूक. एवढं मान्य करतो. माझ्या भिंतीला दोन्हीकडे प्लास्टर केलं होतं आणि तरी पैसे मिळाले नाहीत, म्हणून माझं डोकं या विषयावर गरम होतं. "फुकट्या" हा शब्द माझ्या शेजाऱ्यासाठी होता. तुमच्यासाठी लिहिला नसता.

तलावपाळी
खाडीकाठ, आता लेखी काहीतरी द्या. जाळीचं कोटेशन काढा, त्याचे निम्मे, शिवाय पायाच्या दुरुस्तीचे तुमच्या वाट्याचे. अट दोनच: भोकं आणि आपल्या बाजूचं प्लास्टर. व्हॉट्सॲपवर नको, कागदावर.

खाडीकाठ
काढलं कोटेशन. जाळी-अँगल २१ हजार, पाया ९ हजार. जाळीचे निम्मे साडेदहा आणि पायाचे सगळे नऊ, असे साडेएकोणीस देतो असं कागदावर लिहून काल संध्याकाळी गेलो. शेजारचे काका घरी नव्हते. काकूंनी कागद वाचला, काही बोलल्या नाहीत, आणि मला मागच्या दारी नेऊन म्हणाल्या, "पाणी कुठे साचतं ते दाखव." भिंतीच्या पलीकडून दिसेना, म्हणून चप्पल काढून आमच्या अंगणात आल्या. पाण्यात उभ्या राहिल्या. बादलीतला बुंधा बघून विचारलं, "हा तोच का?" आई म्हणाली, "तोच."

पैशांचं अजून ठरलं नाही. काका ३१ वर अडून आहेत असं ऐकतो. पण आज सकाळी त्यांचा गवंडी ड्रिल घेऊन आलाय.

पारसिकवारा
दोन इंची पाइप घालायला सांगा, नुसतं भोक पाडू नका. आणि पाइपचं तोंड जमिनीपासून चार बोटं वर ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात गाळाने बुजेल. माझं बुजलं होतं.